एकोणीस पेपरांत परत आलेला भाऊ

त्या बुधवारी चिक्गू झावियांनी, म्हणजे इंग्रजीच्या झावियाबाईंनी, सराव परीक्षेचे अठ्ठावीस पेपर तपासायला घेतले, आणि दुपारची अजान होईपर्यंत भाऊ एकोणीस वेळा घरी परत आला होता.

प्रत्येक वेळी ईदच्या आदल्या संध्याकाळी. प्रत्येक वेळी हातात बिस्किटांचा लाल डबा. आई मासे साफ करत बसलेली असायची, फाटक वाजायचं, तिच्या हातातली सुरी खाली पडायची. अक्षर वेगळं, शाई वेगळी, भाऊ तोच. एका पठ्ठ्यानं शक्कल लढवून भावाचा काका केला होता, पण दुसऱ्या परिच्छेदात त्या काकाचा पुन्हा भाऊ झाला. फौझी नावाच्या एका पोराला तर भाऊच नव्हता. चिक्गूंना ते पक्कं माहीत होतं, कारण त्याच्या चारही बहिणी त्यांच्याच हाताखालून गेल्या होत्या. त्याच्याही घरी भाऊ आला, डब्यासकट.

चिक्गूंनी एकोणीस पेपरांच्या खाली लाल शाईनं एकच प्रश्न लिहिला, ‘हा भाऊ कोणाचा?’ आणि पुढे शून्य टाकलं.

उत्तर त्यांना माहीत होतं. भाऊ त्यांचा होता.

मलेशियातल्या केलांतानच्या किनाऱ्यावरच्या त्या शाळेत चिक्गू झाविया तीस वर्षं सहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवत होत्या. सहावी म्हणजे विद्यापीठाच्या उंबरठ्यावरचा वर्ग, एकोणीस-वीस वर्षांची घोडी. विद्यापीठात जायचं तर इंग्रजीच्या परीक्षेत निदान तिसरा बँड, म्हणजे तिसरी पायरी, गाठायला हवी, आणि त्या परीक्षेत निबंध. निबंध म्हटला की ही पोरं अडायची. घरी ती केलांतानी बोलत, शाळेत पुस्तकी मलय, नमाजाला अरबी, आणि इंग्रजी फक्त चिक्गूंच्या तासाला, तीही चिक्गू पाहत असतील तर. पण पाठांतराला मात्र पोरं वाघ होती. सहाव्या वर्षापासून मांडी घालून कुराण तोंडपाठ करायची सवय, एक अक्षर इकडचं तिकडे होत नसे. अशा पोराला अडीचशे शब्दांचा निबंध म्हणजे किस झाड की पत्ती. त्याचा अर्थ लागला नाही तरी त्याचं काही अडत नसे.

एकोणतीस वर्षांपूर्वी चिक्गू या शाळेत नव्या होत्या. विषय दिला होता, ‘न विसरता येणारा दिवस’. अख्ख्या वर्गानं कोरे कागद दिले. पोरं माना खाली घालून बसलेली पाहून त्यांना कळवळा आला आणि त्यांनी फळ्यावर एक नमुना लिहून दिला. सुरुवात कशी करायची, मध्ये काय सांगायचं, शेवट कसा करायचा. शेवटावर त्यांचा फार भर. ‘शेवट नसला तर तो निबंध नाही, नुसती बडबड आहे,’ असं त्या म्हणत. एक दिवसापुरता तो नमुना होता. पण बसस्टँडसमोरच्या केओंगच्या झेरॉक्सच्या दुकानात तो पोचला, आणि तिथून जो सुटला तो आजतागायत थांबला नव्हता. मोठी बहीण धाकटीला देई, धाकटी मामेभावाला. एकदा त्या हजेरीपट झेरॉक्स करायला गेल्या तर केओंग दात काढून म्हणाला, “चिक्गू, तुमच्या भावाला रसायनशास्त्रापेक्षा जास्त गिऱ्हाईक आहे हो!” त्याला तो कोणाचाही भाऊ वाटत होता. सगळ्यांनाच वाटत होता.

ऑगस्टात चिक्गू साठ वर्षांच्या होऊन निवृत्त व्हायच्या होत्या. घरी कोणी नव्हतं. लग्न जमलं नाही आणि नंतर जमवायचं राहून गेलं. शाळेत दिवसभर बोलून घसा बसायचा. घरी आल्यावर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात शिरेपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. पेपर तपासताना तरी माणसांची सोबत व्हावी, तर तिथंही त्यांचीच वाक्यं त्यांना परत यायची. स्वतःच स्वतःला पत्रं लिहावीत आणि पोस्टमननं ती इमानानं आणून द्यावीत, तसं चाललं होतं.

भावाचं नाव यासीन. चाळीस वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात, पावसाळी वारे सुरू व्हायच्या तोंडावर तो एका होडीवर गेला. शेवटची फेरी, दोन दिवसांत येतो म्हणाला. जाताना चुलीजवळ उकिडवं बसून त्यानं नाश्त्याचा भात खाल्ला, रस्सा सांडला म्हणून आईच्या शिव्या खाल्ल्या, आणि गेला. होडी आली नाही. होडीची फळीसुद्धा आली नाही. कोणी म्हणालं, थायलंडच्या बाजूला निघाला असेल. कोणी म्हणालं, तिकडे बायको केली असेल. आईनं दोन्ही ऐकलं आणि फाटकाची कडी काढून ठेवली. रात्रंदिवस फाटक उघडं. एक दिवस कडी घातलेली असायची आणि नेमका तो त्याच दिवशी यायचा, असं तिचं म्हणणं. आई जाऊन अकरा वर्षं झाली तरी फाटक तसंच होतं. त्यातून गावातल्या बकऱ्या आत येत आणि चिक्गूंचं जे काय लावलेलं असेल ते खाऊन जात.

“अगं, कडी तेवढी घाल की,” शेजारच्या माकचिक एसा, म्हणजे एसामावशी, कुंपणावरून ओरडायच्या. “तुझ्या मिरच्या खाऊन त्या बकऱ्यांचं दूधही तिखट यायला लागलं!”

“गंजलीय हो कडी,” चिक्गू म्हणायच्या. खरंच गंजली होती.

दिवसा झोपायची सवय मात्र त्यांना कधी लागली नाही. दिवसा आई ओट्यावर बसून असायची, आई गेल्यावर त्या बसू लागल्या. कोणी हाक मारली आणि आपण झोपेत असलो तर?

त्याच आठवड्यात मशिदीतून कागद आला. रमजानच्या आधी प्रत्येक गावात आपापल्या दिवशी मयतांसाठी सामुदायिक दुआ आणि जेवण असतं. प्रत्येक घरानं आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहून द्यायची, इमाम ती मोठ्यानं वाचतात. कागदावर दहा रेघा. चिक्गू दर वर्षी लिहीत: आजोबा, आजी, वडील, काका, चुलतबहीण, आणि अकरा वर्षांपासून आई. सहाव्या नावापाशी त्यांचं पेन थांबे. आई जिवंत होती तेव्हा एकदाच तिनं कागदावर वाकून बघितलं होतं आणि म्हणाली होती, “त्याचं नाव लिहिलंस, तर तू त्याला मारलंस असं समजेन.” इमाम कागद घेताना दर वर्षी विचारत, “एवढीच ना, चिक्गू?” आणि चिक्गू म्हणत, “एवढीच.”

साठाव्या वर्षी त्यांना ते जड जाऊ लागलं होतं. आपण गेल्यावर आपलं नाव माकचिक एसांची सून लिहील कदाचित. यासीनचं कोण लिहिणार? तो मेलाय असं म्हणणारं कोणी नाही, जिवंत आहे म्हणणारं कोणी नाही. तो फक्त केओंगच्या दुकानात राहणार, बिस्किटांचा डबा घेऊन. शुक्रवारी सकाळपर्यंत कागद द्यायचा होता. तो पेपरांच्या गठ्ठ्याखाली पडून होता.

विसावा पेपर हस्निदाचा होता. मागच्या बाकावर बसणारी, हाक मारली की दचकणारी मुलगी. गाव वीस किलोमीटर लांब, अगदी समुद्रावर. इथं मावशीकडे राहून शिकत होती. पहिला परिच्छेद चिक्गूंचाच, स्वल्पविरामासकट. दुसराही. लाल पेनाचं टोपण काढून त्या शून्य घालायच्या बेतात होत्या. आई मासे साफ करत होती, फाटक वाजलं, आणि तिथं वाक्य अर्ध्यावर तुटलं. दोन ओळी खोडलेल्या. मग अक्षर बदललं, मोठं झालं, रेघ सोडून चढू लागलं. इंग्रजी अशी मोडकी की मलयमध्ये मनात म्हणून बघितल्याशिवाय कळेना.

‘फाटक वाजला वारा. माझे बाबा नाही आला. पोलीस बोट तीन दिवस शोधला. होडी सापडला, बाबा नाही. आई भात चार माणसाचा करते, आम्ही तीन. दोन वर्ष करते. उरलेला कोंबडीला. ह्या वर्षी आई बाबाचा नाव इमामला दिला. इमाम वाचला. मी खूप राग आईवर. मी आईशी नाही बोलली. मग आई झोपली. मी झोपली. पूर्ण रात्र झोपली, दोन वर्षानंतर पहिला. शेवट: शेवट मला माहीत नाही.’

एकशे चाळीस शब्दसुद्धा नव्हते. चुका मोजायला घेतल्या आणि तिसाव्या चुकीनंतर चिक्गूंनी मोजणं सोडलं. पेनाला टोपण घातलं. बाहेर बकरी काहीतरी कराकरा खात होती, पण त्या उठल्या नाहीत.

गुरुवारी वर्गात पेपर वाटले तेव्हा एकच गलका झाला.

“चिक्गू, भोपळा?” फौझीनं छातीवर हात ठेवला. “एक शब्द चुकला असेल तर दाखवा!”

“एकही चुकला नाही. म्हणूनच भोपळा. तुला भाऊ कधी झाला रे?”

“परीक्षेपुरता झाला, चिक्गू.”

वर्ग खो-खो हसला. चिक्गूंनाही हसू फुटलं, पण त्यांनी ते दाबलं. “घरी जे घडतं ते लिही की.”

“आमच्या घरी काही घडतच नाही. आई रागावते, बस. तेवढ्यात अडीचशे शब्द होतात का?”

“तुझ्या आईचा राग मी पालकसभेत ऐकलाय. पाचशे होतील.”

हस्निदाचा पेपर त्यांनी वाटला नव्हता. सगळे गेल्यावर ती टेबलापाशी येऊन उभी राहिली, बुरख्यासारखा घट्ट ओढलेला पांढरा स्कार्फ आणखी ओढत.

“चिक्गू, माझा पेपर?”

“माझ्याकडे आहे. बस.”

ती बसली नाही. एका दमात बोलायला लागली. “चिक्गू, रागावू नका. मला सगळं येत होतं, आईची शपथ. फाटकापर्यंत आलं आणि पुढचं गेलंच डोक्यातून. घड्याळ बघितलं तर वीस मिनिटं उरलेली. कोरा कसा देऊ? म्हणून जे सुचलं ते खरडलं. खऱ्या परीक्षेत नाही असं करणार. डबा पाठ करते मी, आज रात्रीच करते.”

“तुझ्या निबंधात डबा नाही.”

“नाही ना!” ती रडकुंडीला आली. “तुमचा चांगला आहे. तुमच्यातला भाऊ येतो. येणाऱ्यालाच मार्क असतात, चिक्गू. न येणाऱ्याला कोण मार्क देणार?”

चिक्गूंनी टेबलावरचा खडू उचलला आणि परत ठेवला. “तो आला नाही,” त्या म्हणाल्या.

“कोण?”

“यासीन. तो माझा भाऊ होता. चाळीस वर्षं झाली. फाटक वाजलं ते वाऱ्यानंच, तू लिहिलंस तसं. पुढचं सगळं मी बनवलेलं आहे.”

हस्निदा आता बसली. अगदी साध्या आवाजात, शंका विचारावी तसं तिनं विचारलं, “मग तुम्ही तसं का लिहिलंत?”

तीस वर्षांत चिक्गूंना कोणी हा प्रश्न विचारला नव्हता. “फळ्यावर जागा उरली होती,” त्या म्हणाल्या, “आणि शेवट तर करायला हवा होता. मीच तुम्हाला सांगते ना, शेवट नसला तर ती नुसती बडबड.”

“तुमच्या आईंनी नाव दिलं होतं? इमामना?”

“नाही.”

“तुम्ही?”

चिक्गूंनी तिचा पेपर हजेरीपटात सरकवला. हस्निदानं मान खाली घातली. आगाऊपणा झाला असं तिला वाटलं असावं. टेबलाच्या कडेवरचा पोपडा नखानं काढत ती म्हणाली, “मी आईला म्हटलं होतं, तू बाबांना मारलंस. आठ दिवस बोलले नाही तिच्याशी. तिनं फक्त त्या दिवसापासून भात तिघांचा लावला. आणि चिक्गू, मला इतकी लाज वाटली, कारण मला झोप लागली. बाबांचं नाव मयतांत वाचलं आणि मी घोरत पडले.”

“त्यात लाज कसली?”

“माहीत नाही. वाटली.”

बाहेर तिच्या गावाकडे जाणाऱ्या शेवटच्या बसचा हॉर्न झाला. हस्निदा उठली, तशी चिक्गूंनी तिचा हात धरला आणि पुन्हा शिक्षिकेच्या आवाजात म्हणाल्या, “ऐक. हे असं लिहून दिलंस तर दुसऱ्या बँडच्या वर जाणार नाहीस. खोटं कशाला सांगू? पण परीक्षेला सहा आठवडे आहेत. उद्या-परवा सुट्टी, रविवारपासून शाळा सुटल्यावर रोज थांबायचं. तुझंच लिहायचं, लहान लहान वाक्यांत. डबा पाठ केलास तर माझ्याशी गाठ आहे.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर दोघी मिळून नापास होऊ.”

मुलगी पहिल्यांदाच हसली आणि बस पकडायला पळाली. चिक्गू रिकाम्या वर्गात बसून राहिल्या. फळ्यावर आजची तारीख होती, त्यांच्याच अक्षरात. ती पुसायलाही त्यांना बराच वेळ लागला.

शुक्रवारी सुट्टी. पहाटेची नमाज झाल्यावर त्यांनी पेपरांच्या गठ्ठ्याखालून मशिदीचा कागद काढला. सहा नावं भराभर लिहिली. सातव्या रेघेवर पेन टेकवलं. ज्या बाईनं हजारो पोरांच्या डोक्यावर उभं राहून ‘लिहा, लिहा, काहीतरी लिहा’ म्हणून घसा फोडला, तिला तीन शब्द लिहिता येईनात. कोऱ्या कागदासमोर पोरं माना खाली घालून बसायची, तशाच त्या बसल्या. आईचा आवाज आला. आईला त्या मनातल्या मनात म्हणाल्या, तू तुझ्यापुरतं बघितलंस, मी कोणाच्या भरवशावर सोडू त्याला? आणि त्यांनी लिहिलं, यासीन बिन आवांग. अक्षर तिरकं झालं, रेघ सोडून चढलं.

इमामांनी कागद घेतला, वाचला, आणि त्यांचा नेहमीचा प्रश्न ओठांवर आला तसा परत गेला. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “सगळी नावं बरोबर आहेत ना, चिक्गू?”

“बरोबर आहेत.”

दुआ सुरू झाली तेव्हा बायका पडद्यामागे बसल्या होत्या. स्वयंपाकाच्या बाजूनं रश्श्याचा वास येत होता, पोरं दंगा करत होती, माकचिक एसा हातातल्या जपमाळेबरोबर डुलक्या घेत होत्या. नावांमागून नावं येत होती. चिक्गूंना वाटलं होतं, ते नाव आलं की काहीतरी होईल. आपल्याला रडू फुटेल, कोणी मान वळवून पाहील, निदान इमाम अडखळतील. वडील, आवांग बिन सलेह, मग काका, चुलतबहीण, मग आई, मेक सोम बिन्ती उसोफ, आणि यासीन बिन आवांग. आणि लगेच पुढचं नाव, कोणा दुसऱ्याच घरचं. ज्याच्यासाठी चाळीस वर्षं फाटक उघडं ठेवलं, तो माणूस एका श्वासात वाचून झाला. कोणी मान वर केली नाही. गावात त्याला ओळखणारी माणसं आता उरली होती तरी किती? बाकीची गेली होती, आणि त्यांच्याच नावांच्या मध्ये त्याचं नाव बसलं होतं.

पुढ्यात जेवणाचं ताट आलं, चौघींत एक. माकचिक एसा जाग्या होऊन म्हणाल्या, “घे गं, मोठा तुकडा घे.” मग कानाशी तोंड आणून अगदी हळू, “ऐकलं मी. मी झोपले नव्हते.” त्यांनी माशाचा मोठा तुकडा काढून चिक्गूंच्या बाजूला सारला. चिक्गू जेवल्या.

घरी आल्या तेव्हा ऊन चढलं होतं. ओट्यावर बसायला म्हणून गेल्या आणि चटईवर जरा पाठ टेकली. जाग आली ती दुपारनंतरच्या अजाननं. आपण कुठे आहोत हेच त्यांना क्षणभर कळेना. भर दिवसा, ओट्यावर, तोंड उघडं टाकून त्या तीन तास झोपल्या होत्या. कोणी हाक मारली नव्हती. कोणी मारणारही नव्हतं. इतकी वर्षं घरात त्या एकट्या नव्हत्या, वाट बघणं सोबतीला होतं, आणि आता तेही गेलं होतं. मग त्यांना रडू आलं. आवरायला कोणी नव्हतं, म्हणून आवरलं नाही.

बऱ्याच वेळानं त्या उठल्या, तोंड धुतलं, स्वयंपाकघरातून मिरची वाटायचा दगडी बत्ता घेऊन अंगणात गेल्या. एक बकरी शेवटची मिरची खात होती, तिला हाकलली. फाटक ओढून घेतलं. कडी इतकी गंजली होती की जागची हलेना. त्यांनी बत्त्यानं तिच्यावर एक घाव घातला, दुसरा घातला. तिसऱ्या घावाला कडी सरकली आणि बसली. बकरी बाहेरून फाटकाकडे बघत राहिली. जरा वेळ थांबून तिनं डोकं लावून पाहिलं, आणि मग ती माकचिक एसांच्या अंगणाकडे निघून गेली.